तेक्लाची खोली

शनिवारी दुपारी हालिया आईकडे गेली ती नेहमीसारखी बाजूच्या दाराने. हावरिशांच्या घरात पुढच्या दाराने फक्त पाद्री येत आणि वर्षातून एकदा नूसिया आत्या येई, तीही मुद्दाम, पाद्र्यांची बरोबरी करायला. बाजूच्या दाराने आत शिरलं की थोड्या पायऱ्या वर जात आणि बऱ्याचशा खाली. वरच्या स्वयंपाकघरात पांढरे पडदे होते, चकचकीत शेगडी होती आणि शेगडीवर भरतकाम केलेला रुमाल होता. त्या शेगडीवर कधी दूधही उतू गेलं नव्हतं. खरा स्वयंपाक खाली, तळघरात होई. सॅस्काटूनच्या या भागात युक्रेनियन माणसांच्या निम्म्या घरांत असंच होतं: वरचं घर पाहुण्यांसाठी, खालचं जगण्यासाठी.

"दार लाव. थंडी आत घेऊ नकोस," खालून आवाज आला.

"लावलंय, आई."

"मग परत लाव. ते एकदा लावून लागत नाही."

हालियाने दार परत लावलं. खाली तेक्ला टेबलाशी बसली होती, रुंद खांद्यांची, कमरेला एप्रन, डोक्याला रुमाल. समोर मेणबत्ती, तीन बाटल्यांत रंग आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात पांढरी अंडी. ईस्टरच्या आधीचे उपवासाचे दिवस होते. या दिवसांत ती मेणाच्या लेखणीने अंडी लिहीत असे. 'रंगवते' म्हटलेलं तिला चालत नसे. अंडं लिहायचं असतं, भिंत रंगवायची असते, असं ती म्हणे.

"बस. ते घे. त्याला कंबरपट्टा मारून ठेवलाय. तू वर गव्हाच्या ओंब्या काढ."

"माझ्या ओंब्या शेपूसारख्या होतात."

"मग शेपू म्हणून काढ. शाळेत मुलांना पुस्तकं वाटतेस, तुला अंड्यावर एक ओंबी लिहिता येत नाही."

हालियाने लेखणी ज्योतीत धरली. ती शाळेच्या ग्रंथालयात होती आणि शनिवारच्या या तासाभरात तिला कोणी काही विचारत नसे, म्हणून तिला हा तास आवडे. डोक्यावर लाकडी जमिनीतून दोन ठोके आले. वसिलनी, तिच्या वडिलांनी, टाच आपटली होती.

"साहेबांना चहा हवाय," तेक्ला म्हणाली आणि उठली.

"मी नेते."

"तू त्यात साखर घालशील तशी त्यांना चालत नाही." तेक्लाने ट्रे भरला. चहा, पावाचे दोन काप, तेलात परतलेला कांदा. उपवासात लोणी नव्हतं. ट्रे घेऊन ती जिना चढली, मध्ये कुठेही न थांबता, कठड्याला हात न लावता. वर दोन शब्द बोलल्याचं ऐकू आलं नाही. ती खाली आली आणि पुन्हा अंड्याशी बसली.

स्वयंपाकघराला लागून तिची खोली होती. दार उघडं होतं. पलंग, त्यावर गोधडी, भिंतीवर संत निकोलसची तसबीर, पलंगाखाली चपला. अकरा वर्षांपूर्वी ती वरून या खोलीत आली. गुडघ्यांना जिना सोसत नाही, असं सगळे सांगत. चर्चमध्ये कोणी विचारलं तर आत्या सांगे, हालियाचा भाऊ ओरेस्ट सांगे, हालियाही सांगे. आणि तेच गुडघे दिवसातून तीन वेळा ट्रे घेऊन जिना चढताना सगळेच बघत.

खोलीला एक खिडकी होती, छताला टेकलेली, जमिनीच्या वर जेमतेम डोकं काढणारी. उंची वीतभरापेक्षा थोडी जास्त. तिच्या चौकटीवर बिटाच्या बरण्या रांगेने ठेवलेल्या.

"त्या तिथे कशाला? इतकी फडताळं आहेत," हालिया म्हणाली.

"सकाळी ये एकदा. ऊन येतं ना, ते बरण्यांतून येतं. अख्खी भिंत लाल होते. पलंगावर पडून बघते मी. बिशपच्या चर्चमधल्या काचेला असला रंग नाही."

"खिडकी मोठी केली तर जास्त ऊन येईल. ओरेस्ट दुसऱ्यांच्या तळघरांना खिडक्या बसवतो. स्वतःच्या आईला नको का?"

"तुझ्या बाबांची भिंत आहे ती." तेक्लाने लेखणीचं टोक फुंकलं. "पाच भावांनी एका दिवसात ओतलेली. शेतातले दगड घालून. तिला करवत लावायची म्हणजे त्यांच्या मांडीला लावायची."

"नियम आहे, आई. झोपायच्या खोलीला माणूस बाहेर पडेल एवढी खिडकी लागते."

"मला खिडकीतून कुठे जायचंय? चोर का मी?" ती स्वतःच्याच बोलण्यावर हसली. मग अंडं उजेडाकडे धरून म्हणाली, "बघ, शेपू छान जमलाय."

निघताना हालियाने तिचं अंडं खोक्यात ठेवलं. पिवळा रंग झाला होता, लाल आणि काळा राहिला होता. "पुढच्या शनिवारी," तेक्ला म्हणाली. "दार नीट लाव."

*

सोमवारी पहाटे खालच्या शेगडीमागच्या जुन्या तारेने पेट घेतला. आग जिन्याला लागली आणि धूर खोलीत भरला. हालियाला वहिनीने, ग्वेनने, फोन केला. ग्वेन एकच वाक्य परत परत म्हणत होती, "बाबा ठीक आहेत, बाबा बाहेर आहेत." त्यातून जे कळायचं ते हालियाला कळलं.

ती पोचली तेव्हा आईला नेलेलं होतं. तिला विचित्र वाटलं ते हे, की घर होतं तसंच होतं. पांढरे पडदेही जागेवर होते. फक्त बाजूचं दार उघडं होतं, सताड, आणि कोणी ते लावत नव्हतं.

ती घराच्या मागच्या बाजूला गेली. तिला का जायचं होतं, ते तिलाही ठाऊक नव्हतं. तिथे रात्रीत पडलेलं वीतभर बर्फ साचलं होतं, न तुडवलेलं. भिंतीच्या पायथ्याशी ती छोटी खिडकी होती. तावदान बाहेरच्या बाजूला उघडलेलं होतं. आणि खिडकीपुढच्या बर्फात एक खड्डा होता, एक हात जाईल एवढा. त्याच्या कडेला बोटांच्या रेघा होत्या. बर्फ आतून ओरबाडलं होतं. हात बाहेर आला होता, कोपरापर्यंत, कदाचित खांद्यापर्यंत. त्याच्या पुढे बर्फ स्वच्छ होतं.

हालिया तिथे किती वेळ उभी होती कोणास ठाऊक. अग्निशमन दलाच्या एका जवानाने तिचं कोपर धरून तिला बाजूला घेतलं आणि पिवळी फीत बांधली. ती रडली नाही. तिने हातमोजे काढले, ते परत घातले. हे तिने कोणालाही सांगितलं नाही.

त्या दिवशी तिने इमारतींच्या नियमांचं पुस्तक उघडलं. दुःख झालं की ती वाचत असे, दुसरं काही तिला येत नव्हतं. कलम सापडायला वेळ लागला नाही. प्रत्येक झोपायच्या खोलीला एक खिडकी अशी हवी, की ती आतून उघडता यावी. किल्ली नको, हत्यार नको, विशेष ज्ञान नको. मोकळी जागा इतकी हवी, कुठलीही बाजू पंधरा इंचांहून कमी नको. कोरड्या भाषेत कोणीतरी कधीतरी धुरात उभ्या माणसाचा विचार केला होता. अंधारात, घाबरलेल्या, कुठलंही विशेष ज्ञान नसलेल्या माणसाचा. हालियाने ते वाक्य तीन-चारदा वाचलं. घरातल्या कोणीही आईचा इतका बारीक विचार केला नव्हता.

*

मंगळवारी सगळे ओरेस्टच्या घरी जमले. दफन शुक्रवारी होतं. पण आज दुपारी अग्निशमन खात्याची तपासणी करणारी बाई येणार होती, कुटुंबाशी बोलायला. ओरेस्टने सगळ्यांना ती यायच्या तासभर आधी बोलावलं, आणि हालियाला ते तेव्हाच खटकलं.

बैठकीच्या खोलीत थंडी होती. नूसिया आत्याने मोठी खिडकी चार बोटं उघडून ठेवली होती आणि चौकटीवर पाण्याचा पेला आणि पावाचा काप ठेवला होता.

"आत्या, बाहेर उणे वीस आहे," ग्वेन म्हणाली. ती इंग्रज घरातली. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तरी आत्या तिला पाहुणीच समजे.

"असू दे. चाळीस दिवस तेक्लाचा जीव येणार, जाणार. तिने काय दारावर टकटक करायची? ज्याला थंडी वाजते त्याने स्वेटर घालावा." आत्याने स्वतः दोन घातले होते. "आणि तो केक उचल टेबलावरून. त्यात अंडी आहेत. उपवास आहेत, ग्वेन."

"शेजारणीने पाठवलाय."

"शेजारणीला स्वर्गात जायचं नसेल."

हालिया खिडकीशी उभी राहिली. खिडकी ओरेस्टने स्वतः बसवलेली, उंच, रुंद. तिने बोटाने ढकललं. एका बोटाने ती सरकली, काहीच आवाज न करता. तिने हात मागे घेतला.

वसिल खुर्चीत बसले होते. ओरेस्टचा शर्ट त्यांच्या अंगावर मोठा होत होता. एका हाताला पट्टी होती. जिन्यातून खाली उतरायचा त्यांनी प्रयत्न केला होता, आणि कठडा हातात आला होता, जळता. ते दोन दिवस स्वतःहून काही बोलले नव्हते. आता ओरेस्ट त्यांच्यासमोर पाय ठेवायच्या स्टुलावर बसला आणि लहान मुलाला शिकवावं तसं म्हणाला, "बाबा, एकदा परत सांगा."

"ती पहाटे उठली," वसिल म्हणाले. "पीठ मळायला खाली गेली. आठवड्याच्या पावासाठी."

हालिया वळली.

"खोलीत काय करत होती?" ओरेस्टने विचारलं.

"बरण्या आणायला गेली असेल. लोणच्यांची खोली ती."

"बस. एवढंच. जास्त बोलायचं नाही."

"कुठल्या पावासाठी?" हालिया म्हणाली. तिचा आवाज नेहमीइतकाच हलका होता, म्हणून आधी कोणाचं लक्ष गेलं नाही. "ओरेस्ट, तू हे काय करतोयस?"

"हालिया, बस जरा."

"ती वरून खाली गेली नाही. ती खालीच होती."

"मला माहीत आहे ती कुठे होती!" ओरेस्ट उठला. दोन दिवसांत त्याने दाढी केली नव्हती. "माझ्या हाताने ती खोली बांधली मी. फळ्या मी लावल्या, दिवा मी लावला. नकाशावर काय लिहिलंय ठाऊक आहे? 'लोणच्यांची खोली.' कारण झोपायची खोली लिहिली असती तर खिडकी फोडावी लागली असती. आणि खिडकी कोणी फोडू दिली नाही? मी करवत घेऊन आलो होतो. दोनदा आलो. विचार बाबांना."

वसिलनी मान वर केली नाही. "भिंत उभी आहे ना?" ते म्हणाले. "खालचं सगळं जळलं. भिंत उभी आहे."

वसिल जणू स्वतःच्याच वाक्याकडे बघत राहिले. मग त्यांचा खालचा ओठ हलू लागला आणि त्यांनी पट्टी बांधलेला हात त्यावर ठेवला.

नूसिया आत्या भावाच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. "झालं ते झालं. आता घराची लाज झाका. चर्चमध्ये काय सांगायचं? वसिल हावरिशने बायकोला तळघरात ठेवली होती?"

"मी ठेवली नव्हती," वसिल म्हणाले. "ती गेली."

ही गोष्ट या घरात कोणी कधी बोलून दाखवली नव्हती. अकरा वर्षांत एकदाही नाही. आत्याचा हात खुर्चीच्या पाठीवर होता तिथेच थबकला. ओरेस्टने खिडकीबाहेर पाहिलं. हालियाला वाटलं, आता कोणीतरी पुढचं विचारेल: का गेली? पण कोणी विचारलं नाही.

"गुडघ्यांमुळे," आत्या शेवटी म्हणाली.

"हो," ओरेस्ट म्हणाला. "गुडघ्यांमुळे."

आणि हालियाच्या लक्षात आलं, की हे किती सोपं आहे. आई गेली त्याला दोन दिवस झाले नाहीत, आणि तिची उशी, चपला, तसबीर सगळं एका शब्दात पुसता येतं. संध्याकाळपर्यंत ती पीठ मळायला गेलेली असेल. शुक्रवारी पाद्री तसंच सांगतील. वर्षाने सगळ्यांना तसंच आठवेल. कदाचित आपल्यालाही.

"ओरेस्ट." ग्वेन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात केकची ताटली तशीच. "लारिसाच्या खोलीला खिडकी आहे?"

लारिसा त्यांची मुलगी. नदीपलीकडे कॉलेजजवळ एका घरात भाड्याने राहत होती. ते घर ओरेस्टच्या मित्राचं, आणि खालचा मजला ओरेस्टने केलेला.

"आहे ना."

"केवढी?"

"ग्वेन, आत्ता नको."

"मी विचारलं केवढी." तिने ताटली खाली ठेवली आणि दोन्ही हात हवेत धरले, खांद्याएवढ्या अंतरावर. "एवढी?" हात जवळ आणले. "एवढी?" आणखी जवळ आणले. ओरेस्टने तिचे हात बघायचं टाळलं. ते अंतर वीतभर राहिलं तेव्हा ग्वेनने हात खाली सोडले.

"किती घरांत, ओरेस्ट?" हालियाने विचारलं.

"सगळेच तसं करतात. तुला काय वाटतं, गावात मी एकटा आहे? लोकांना खोली हवी असते, भिंत फोडायची नसते. नकाशावर लिहायचं 'शिवणकामाची खोली'. लिहायचं 'कपाट'. कोणी पलंग टाकला तर तो त्यांचा प्रश्न."

"आईने टाकला होता पलंग. तू उचलून दिलास तिला खाली."

तो परत स्टुलावर बसला आणि तळहातांनी डोळे दाबून धरले. "माझं कामाचं लायसन्स जाईल, हालिया," तो हलक्या आवाजात म्हणाला. "मला दुसरं काही येत नाही." तो खोटं बोलत नव्हता. लहानपणी तो हालियाच्या मागे मागे खिळ्यांचा डबा घेऊन फिरे. तिला त्याची दया आली, आणि त्या दयेचीच तिला भीती वाटली, कारण या घरात सगळं गप्प बसणं असंच सुरू झालं होतं.

ग्वेन फोनवर बोलत होती. "लारिसा? नाही, काही झालं नाही. आज तू इकडे झोपायला ये. नाही, आजच. उशी घेऊन ये." तिने फोन ठेवला आणि खोली ओलांडून हालियाच्या शेजारी येऊन उभी राहिली. नूसिया आत्याने ते पाहिलं.

दारावरची घंटा वाजली.

*

तपासणीची बाई, फॉस्टर तिचं नाव, पन्नाशीची होती. तिने बूट दारात काढले, मोजे झटकले आणि आत्याने दिलेली कॉफी घेतली. खसखशीची पोळीही घेतली. आत्याने आधी सांगून टाकलं की यात अंडं नाही. आत्याला तेवढ्यानेच ती बाई बरी वाटली.

"वाईट झालं," ती म्हणाली. "मी थोडंच विचारणार आहे. आधी मला तुम्हाला काही सांगायचंय. तुम्हाला ते बाहेरून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं." ती वसिलकडे बघून बोलत होती. "त्या जाग्या होत्या. त्यांनी खुर्ची ओढून खिडकीखाली नेली. खिडकी उघडली. खिडकी उघडली होती, हे मला तुम्हाला सांगायचंय. त्यांनी काही चूक केली नाही. खिडकी बारा इंच उंच होती. एका मोठ्या माणसाला ती पुरत नाही."

आत्याने छातीवर क्रूस केला.

"चौकटीवर बरण्या असाव्यात," फॉस्टर म्हणाली. "तिथे धूर कमी बसला होता, गोल गोल जागा राहिल्या होत्या. त्या बरण्या आम्हाला खाली सापडल्या. भिंतीकडेला, ओळीने. एकही फुटलेली नव्हती."

हालियाला आधी अर्थच लागला नाही. मग लागला. अंधार, धूर, जिन्यात आग, आणि तेक्ला हावरिश खुर्चीवर चढून एकेक बरणी उतरवतेय. दोन्ही हातांनी. खाली उतरतेय, ठेवतेय, परत चढतेय. एक ढकलून दिली असती तर सगळ्या गेल्या असत्या. तिच्या मनातही आलं नसेल. बरणी फोडतात का?

घशातून एक आवाज निघाला. तो वसिलचा होता. "ती फोडणार नाही," ते म्हणाले. "मी तिला ओळखतो. तेक्ला बरणी फोडणार नाही." ते पुढे वाकले आणि बोलतच राहिले, कोणाशी ते कळत नव्हतं. "फोडायची ना. फोडायची होती. काय होतं त्यात, बीट तर होतं."

नूसिया आत्या भावाच्या खांद्यावर हात ठेवायला गेली, आणि तिने तो ठेवला नाही. ती खिडकीपाशी गेली आणि पाण्याच्या पेल्याकडे बघत पाठमोरी उभी राहिली.

फॉस्टरने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "मला एकच विचारायचंय. नकाशावर ती खोली लोणच्यांची आहे, तो मी पाहिलाय. आम्हाला पलंगाची लोखंडी चौकटही सापडली. कधीमधी आडवं व्हायला असते लोकांकडे. तसं असेल तर माझं काम इथे संपतं. पण ती झोपायची खोली असेल तर गोष्ट वेगळी. मग मला तसं नोंदवावं लागतं, आणि ज्याने ती केली त्याने अशा आणखी कुठे केल्या आहेत ते जाऊन बघावं लागतं. तिथेही माणसं झोपत असतील." तिने सगळ्यांकडे पाहिलं. "तर ती झोपायची खोली होती का?"

ओरेस्टने तोंड उघडलं. ग्वेनने त्याच्याकडे पाहिलं. त्याने तोंड मिटलं.

"ती पहाटे," वसिल म्हणाले, आणि थांबले. "पीठ..." पुढचे शब्द त्यांना आठवत नव्हते. त्यांनी हालियाकडे पाहिलं, जणू ते शब्द तिच्याकडे ठेवायला दिले होते.

आत्या पाठमोरीच म्हणाली, "बोल गं, काय बोलायचं ते. थंडी वाजतेय मला."

हालियाला बर्फातल्या त्या रेघा दिसल्या. तिथवर हात आला होता. तिथून पुढे नेणारं आता कोणीतरी हवं होतं.

"हो," ती म्हणाली. "झोपायची खोली होती."

तिचा आवाज नेहमीचाच होता, ग्रंथालयातला, पण खोलीतल्या सगळ्यांनी तो ऐकला.

"आजोबांची जमीन बाबांनी तिला न विचारता विकली. तिच्या वडिलांची जमीन, तिची बाग, सगळं. तिला ते चर्चमध्ये दुसऱ्याकडून कळलं. त्या दिवशी ती उशी घेऊन खाली गेली आणि परत वर झोपायला आली नाही. अकरा वर्षं. आम्ही सगळे सांगायचो गुडघे. मीसुद्धा. तिच्या गुडघ्यांना काही झालं नव्हतं. दिवसातून तीनदा ती बाबांचा ट्रे घेऊन जिना चढायची." ती वसिलकडे वळली. त्यांनी नजर खाली घातली नाही, हे तिला दिसलं. "बाबा, मी तुमच्यावर रागावून बोलत नाहीये. रागावलेय, पण त्यासाठी बोलत नाहीये. तिचा पलंग तिथे होता. चपला पलंगाखाली होत्या. सकाळी बरण्यांतून ऊन आलं की भिंत लाल व्हायची, आणि ती पडून बघायची. म्हणून ठेवल्या होत्या तिने त्या खिडकीत."

फॉस्टरची लेखणी थांबली होती.

"लोणच्यांची खोली नव्हती ती," हालिया म्हणाली. "माझी आई राहायची तिथे."